सायलेन्सरचा आवाज आणि आरसीवरचं नाव

(सिंधुदुर्गातील सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जणी म्हणतील, हा तर पोरांचा विषय, यात आपला काय संबंध? विषय आहे मोटरसायकलच्या सायलेन्सरचा. कंपनीनं बसवून दिलेला सायलेन्सर काढायचा, त्या जागी बाजारातून आणलेला मोठ्या आवाजाचा बसवायचा आणि ती गाडी घेऊन हद्द ओलांडून गोव्यात नाहीतर बेळगावला जायचं. असं झालं तर कायदा काय म्हणतो, ते आज बघू.

आपला संबंध असा, की यातल्या कितीतरी गाड्या आपल्या नावावर असतात. कर्ज आईच्या पगारावर निघतं, डाऊन पेमेंट आई भरते, म्हणून आरसीवर नाव आईचं. कुठं बायकोचं, कुठं मोठ्या बहिणीचं. चालवणारा दुसराच. आणि दंडाचा मेसेज येतो तो आरसीला जोडलेल्या मोबाईलवर, म्हणजे आपल्या.

आपल्या जिल्ह्यात हद्द ओलांडणं ही रोजची गोष्ट आहे. सकाळी बांद्याच्या पुढं पत्रादेवीला, नाहीतर दोडामार्गला, सातार्ड्याला, आरोंद्याच्या पुलावर उभं राहून बघा. एमएच ०७ नंबरच्या मोटरसायकली ओळीनं गोव्याकडं जाताना दिसतील. कुणी म्हापशाला दुकानात कामाला, कुणी पेडण्याला, कुणी डिचोलीला, कुणी मोपाच्या विमानतळावर. संध्याकाळी हीच मुलं परत येतात. त्यांच्यासाठी गाडी हौसेपुरती नाही, गाडी म्हणजे नोकरी आहे. म्हणून सायलेन्सरपायी लायसन्स अडकलं, तर प्रश्न दंडाच्या पावतीवर संपत नाही, तो महिन्याच्या पगारापर्यंत जातो.

आता पहिला प्रश्न. महाराष्ट्रात नोंदलेली गाडी गोव्यात चालते का? चालते. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा, आणि तो केंद्राचा म्हणजे सगळ्या देशाचा आहे. त्याच्या ४६ व्या कलमाप्रमाणे एका राज्यात झालेली नोंदणी देशभर ग्राह्य असते. लायसन्सचंही तसंच. रोज जाऊन येणाऱ्या किंवा चार दिवस फिरायला गेलेल्या गाडीला दुसऱ्या राज्याचा नंबर घ्यावा लागत नाही. गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यातच ठेवली, तर मात्र तिथला नंबर घेण्याचा नियम लागू होतो. त्यामुळं ‘बाहेरचा नंबर आहे म्हणून पकडलं’ असं कुणी म्हणालं, तर नुसता बाहेरचा नंबर असणं हा गुन्हा नाही, एवढं लक्षात ठेवा.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मुलं म्हणतात, ‘आपल्याकडं कोण विचारत नाही, तिकडंच त्रास देतात.’ काही जण उलटं सांगतात, ‘आमच्या राज्यात हे चालतं, तुमच्याकडं नसेल चालत.’ दोन्ही म्हणणी चुकीची. सायलेन्सरचा नियम गोव्यानं केलेला नाही, महाराष्ट्रानंही नाही आणि कर्नाटकानंही नाही. तो केंद्राच्या नियमांत आहे. जो सायलेन्सर पत्रादेवीच्या पलीकडं बेकायदेशीर, तो सावंतवाडीच्या बाजारातही बेकायदेशीरच होता. हद्दीवर काही बदललं नाही, विचारणारा माणूस तेवढा बदलला.

हा नियम काय आहे? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला १२० क्रमांकाचा नियम. प्रत्येक गाडीला सायलेन्सर असला पाहिजे आणि इंजिनातून सुटणाऱ्या धुराचा आवाज त्यानं होईल तितका कमी केला पाहिजे, असं त्यात सांगितलं आहे. गाडी आवाजाच्या ठरलेल्या मर्यादेत बसेल अशी बनवली पाहिजे आणि तशीच ती राखलीही पाहिजे. ही मर्यादा पर्यावरण संरक्षण नियमांत दिली आहे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटरसायकलींसाठी २००५ पासून लागू झालेले आकडे असे आहेत: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, त्यापुढं १७५ सीसीपर्यंत ७७ डेसिबल आणि १७५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ८० डेसिबल.

डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप. ते किलो-लिटरसारखं सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ८० चे ९० झाले तर दुप्पट आणि १०० झाले तर चौपट. तुलनेला आणखी एक आकडा सांगते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यात लोकवस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची पातळी ठरवली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते पहाटे सहा. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. तिथं दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्री अकरा वाजता फटाके फोडत वाडीतून एक बुलेट गेली, तर या आकड्यांचं काय होतं ते सांगायला यंत्र लागत नाही. पाळण्यातलं पोर दचकून रडायला लागलं की कळतंच.

‘पण बुलेटचा आवाज मुळातच मोठा असतो ना?’ असं एका ताईंनी मला विचारलं. रास्त प्रश्न आहे. कंपनीच्या सायलेन्सरमधून येणारा बुलेटचा तो ठेक्यातला आवाज हा गुन्हा नाही. ती गाडी चाचणी होऊन, मान्यता मिळूनच बाजारात येते. गुन्हा होतो तो सायलेन्सर बदलल्यावर, त्याच्या आतली जाळी किंवा पडदे काढल्यावर, किंवा धूर सायलेन्सरमधून न जाता आधीच बाहेर पडेल अशी वाट करून दिल्यावर. आणि आपल्याकडची एक खास गोष्ट. कोकणातल्या पावसानं आणि खाऱ्या हवेनं सायलेन्सर गंजतो, त्याला भोक पडतं आणि साधी गाडीसुद्धा ट्रॅक्टरसारखी वाजायला लागते. मुद्दाम काही केलेलं नसतं. तरी गाडी नियमात राखायची जबाबदारी आपली आहे. तेव्हा पावसाळा सरला की ते भोक बुजवून घ्या, नाहीतर सायलेन्सर बदलून घ्या.

आता शिक्षेकडं वळू. कलमांचे आकडे पाठ करू नका, पण कुठं काय आहे ते माहीत असू द्या.

कलम ५२ सांगतं, की नोंदणीच्या कागदात असलेला तपशील कंपनीनं मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं आणि राज्याच्या नियमांच्या आधारानं ही अट ढिली करता येणार नाही, असंही बजावलं. म्हणून ‘आमच्या राज्यात चालतं’ या बोलण्याला आधार नाही.

त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून कायद्यातली सुधारणा लागू झाली आणि शिक्षा वाढल्या. कलम १८२ अ मधल्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे मालकानं परवानगी नसलेला बदल केला, तर प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलम १९४ फ प्रमाणे सायलेन्सर टाळून धूर बाहेर सोडणारी सोय वापरली, तर पहिल्या वेळी एक हजार आणि पुढच्या वेळी दोन हजार.

आणि सगळ्यात जड आहे ते कलम १९० चं दुसरं पोटकलम. आवाजाची आणि हवेच्या प्रदूषणाची मर्यादा मोडणारी गाडी सार्वजनिक जागी चालवली, तर पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. रोज म्हापशाला जाणाऱ्या मुलाचं लायसन्स तीन महिने गेलं, तर तो कामावर कसा जाईल, याचा हिशेब प्रत्येकीनं आपल्या घरापुरता करून बघावा.

याच पोटकलमात आपल्यासाठी महत्त्वाचे शब्द आहेत. शिक्षा फक्त गाडी ‘चालवणाऱ्याला’ सांगितलेली नाही. जो ‘चालवायला लावतो’ आणि जो ‘चालवू देतो’, तोही त्यात येतो. गाडी आपल्या नावावर, सायलेन्सर बदललेला आपल्याला ठाऊक, आवाज रोज अंगणात ऐकतो, आणि तरी किल्ली खुंटीवरून काढून आपणच हातात देतो. याला कायद्याच्या भाषेत ‘चालवू देणं’ म्हणतात. ‘मी काय, मी तर घरीच होते’ हे उत्तर तिथं पुरं पडणार नाही.

मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल तर प्रकरण आणखी गंभीर होतं. सोळा वर्षांनंतर लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलचं. सतरा वर्षांच्या मुलानं बुलेट चालवून गुन्हा केला, तर कलम १९९ अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. पंचवीस हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत शिकाऊ लायसन्ससुद्धा नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण अडवायचा पुरेसा प्रयत्न केला होता, हे मग आपल्यालाच सिद्ध करावं लागतं.

मग कायदा एकच असेल, तर गोव्यात दंड वेगळा आणि महाराष्ट्रात वेगळा का ऐकू येतो? याचं उत्तर कलम २०० मध्ये आहे. काही गुन्हे न्यायालयात न जाता जागेवर ठरावीक रक्कम भरून मिटवता येतात. याला तडजोड शुल्क म्हणतात आणि कोणत्या गुन्ह्याला किती, ते प्रत्येक राज्य सरकार आपापली अधिसूचना काढून ठरवतं. म्हणून एकाच सायलेन्सरसाठी म्हापशाची पावती वेगळ्या रकमेची असू शकते आणि बेळगावची वेगळ्या. ‘आमच्याकडं तर इतकेच घेतात’ म्हणून तिथं वाद घालण्यात अर्थ नाही. गुन्हा जिथं घडला, तिथल्या राज्याची रक्कम लागू होते.

बाहेरच्या राज्यात पकडलं गेल्यावर खरी अडचण असते ती अंतराची. आपल्या गावात दंड झाला तर दुसऱ्या दिवशी जाऊन भरता येतो. दुसऱ्या राज्यात प्रकरण न्यायालयात गेलं, तर तारखेला तिथं जायचं, रजा टाकायची, वकील तिथला बघायचा. जागेवर सायलेन्सर उतरवून घेतला तर कंपनीचा परत बसवल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि तो तर घरी माळ्यावर पडलेला असतो. पाच-सहा हजारांची हौस अशी दुपटीनं महाग पडते. पुण्यात, नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोड रोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतील. तेव्हा आपल्या राज्यात कुणी विचारत नाही, हाही एक भ्रमच.

गाडी अडवली तर काय करायचं, हे घरातल्या मुलांना नीट सांगून ठेवा.

गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, हेल्मेट काढून शांतपणे बोलायचं. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी दाखवायचं. डिजिलॉकर किंवा एम परिवहनमधले कागदही देशभर चालतात. चलन कोणत्या कलमाखाली आहे ते वाचून घ्यायचं. पैसे पावतीशिवाय द्यायचे नाहीत, मग ते कुणीही मागोत. दंड मान्य नसेल तर न्यायालयात बाजू मांडायचा हक्क आहे, तो जागेवर हुज्जत घालून वाया घालवायचा नाही. लायसन्स ताब्यात घेतलं, तर त्याची पोच मागून घ्यायची. कलम २०६ प्रमाणे ती पोच द्यावी लागते, आणि लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर लिहिलेल्या तारखेपर्यंत त्या कागदावर गाडी चालवता येते. कामावर जाणाऱ्या मुलासाठी तो कागद फार मोलाचा आहे.

ई-चलनाचा मेसेज आला तर घाबरून त्यातल्या लिंकवर बोट लावू नका. अशा नावाखाली फसवे मेसेज फिरतात, व्हॉट्सॲपवर फाईल पाठवतात आणि ती उघडली की खात्यातले पैसे जातात. परिवहनच्या किंवा राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः गाडीचा नंबर टाकून बघा. चलन खरं असेल तर तिथं दिसेल, दुसऱ्या राज्यातलं असलं तरी. आणि खरं असेल तर मुदतीत निकाली काढा.

सायलेन्सर खरंच बदलायची वेळ आली तर काय घ्यावं? त्याच मॉडेलसाठी कंपनीनं दिलेला घ्यावा, अधिकृत दुकानातून, पक्कं बिल घेऊन, आणि ते बिल गाडीच्या कागदांबरोबर ठेवावं. दुकानदार सांगेल, ‘आत डीबी किलर आहे, पोलीस दिसले की लावायचा, नाहीतर काढायचा.’ डीबी किलर म्हणजे आवाज दाबणारी, काढता-घालता येणारी छोटी नळी. जी वस्तू पोलीस दिसल्यावर लावावी लागते, ती कशासाठी आहे ते तुम्हीच ओळखा. कितीतरी सायलेन्सरांच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की हा फक्त शर्यतीच्या ट्रॅकवर वापरण्यासाठी आहे. म्हणजे विकणारा आपले हात वर करून मोकळा. रस्त्यावर अडकतो तो चालवणारा आणि आरसीवर नाव असलेली.

आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ गाड्या आल्या. त्यांच्या धुराच्या मार्गात धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. बाजारातला सायलेन्सर बसवताना तो काढला, तर आवाजाबरोबर धूरही नियमाबाहेर जातो. गाडीत असा बदल केल्याचं विमा कंपनीला कळवलेलं नसेल, तर उद्या अपघात झाल्यावर ती त्यावर बोट ठेवू शकते. वॉरंटीचंही तेच. पाच हजारांच्या सायलेन्सरपायी दीड-दोन लाखांची गाडी उघड्यावर ठेवायची का, हा साधा घरखर्चाचा प्रश्न आहे, आणि तो आपल्याला चांगला सोडवता येतो.

आता जरा उलट बाजू. आपली मुलं जशी बाहेर जातात, तशी बाहेरची आपल्याकडं येतात. पावसाळ्यात शनिवार-रविवारी आंबोलीचा घाट बघा. कोल्हापूरच्या, बेळगावच्या, गोव्याच्या गाड्या रांगेनं येतात, आणि त्यातल्या काहींचा आवाज दरीत घुमत राहतो. घाटाखालच्या गावांतल्या बायका विचारतात, ‘बाहेरच्या नंबरची गाडी, तिचं कोण काय करणार?’ करता येतं. गाडीची नोंद देशभरच्या वाहन प्रणालीत असते, त्यामुळं केए असो की जीए, चलन मालकापर्यंत पोचतं. त्रास होत असेल तर ११२ ला फोन करा. गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण आणि ती कुठल्या बाजूला गेली, एवढं सांगा. दवाखाना किंवा शाळा जवळ असेल तर ते आवर्जून सांगा. ग्रामसभेत विषय मांडून पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्या, त्यावर पोच घ्या. रस्त्यात उभं राहून गाड्या अडवणं, काठ्या घेऊन पोरांच्या मागं लागणं हे मात्र करू नका. त्यात अपघात होतो, आणि मग गुन्हा आपल्यावर येतो.

पण ११२ ला फोन करण्याआधी आपल्या अंगणातली गाडी कशी वाजते, ते ऐकायला हवं. आंबोलीत आपल्याला जो आवाज नकोसा होतो, तोच आवाज पेडण्यातल्या एखाद्या आजीला आपल्या मुलाच्या गाडीचा ऐकू येत असतो.

मुलाला सांगायचं कसं, हाही प्रश्न असतोच. तो म्हणणार, ‘आये, काय होवचा नाय.’ त्याच्याशी भांडू नका, आणि आवाजाच्या हौसेला नावंही ठेवू नका. या वयात गाडीचं कौतुक असतंच. त्याच्यासमोर आरसी ठेवा आणि त्यावरचं नाव वाचायला सांगा. मग सांगा, की तीन महिने लायसन्स गेलं तर तुझी नोकरी जाईल आणि हप्ता माझ्या पगारातून कापला जाईल. कंपनीचा सायलेन्सर माळ्यावरून काढ, रविवारी बसवून आण, मग किल्ली घे. गाडी आपल्या नावावर आहे, तर एवढं सांगायचा हक्कही आपला आहे. कायदा आपल्याला जबाबदार धरतो म्हणजे निर्णयही आपल्याच हातात देतो. ही कायद्याची बाजू आपल्याला कुणी सांगत नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर दोन कामं करा. कपाटातली आरसी काढून नाव कुणाचं आहे आणि तिला मोबाईल नंबर कोणता जोडलाय ते बघा. आणि संध्याकाळी गाडी सुरू झाली की एकदा कान देऊन ऐका. कलमांबद्दल काही विचारायचं असेल, किंवा चलन हातात असेल, तर तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडं जा. स्त्रियांना तिथं मोफत कायदेशीर मदत मिळते, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आज एवढंच. नमस्कार.